ले-रेषा, प्राचीन दगड आणि इंग्लंडमधल्या लोककथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणारे किंवा सुट्टीत तिकडे फिरायला जाणारे मराठी वाचक स्टोनहेंज पाहून येतात आणि हमखास एक प्रश्न विचारतात : "या सगळ्या जागा म्हणे एका अदृश्य रेषेवर आहेत, ते खरे का?" त्या प्रश्नाच्या मागोमाग येणारे इतर प्रश्नही येथे एकत्र केले आहेत.

ले-रेषा म्हणजे नेमके काय?

नकाशावर उभे दगड, दगडी वर्तुळे, मातीची थडगी, टेकडीवरचे कोट, जुनी चर्च, खंदक, तळी अशा जागांवर खुणा केल्या आणि पट्टी ठेवली, तर त्यांतल्या चार-पाच जागा पुष्कळदा एका सरळ रेषेत येतात. अशा रेषेला इंग्लंडमध्ये 'ले' किंवा 'ले-लाइन' म्हणतात. या रेषा प्राचीन माणसाने हेतुपुरस्सर आखल्या, असे मानणारा एक पंथ तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. त्या कशासाठी आखल्या, याचे उत्तर मात्र त्या पंथाने अनेकदा बदलले आहे.

ही कल्पना प्रथम कोणाला सुचली?

आल्फ्रेड वॉटकिन्स (१८५५–१९३५) यांना. वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या हेरफर्ड शहरातले हे गृहस्थ घरच्या धंद्यानिमित्त परगणाभर हिंडलेले होते आणि छायाचित्रकलेत तर त्यांचे नाव होते. प्रकाश मोजण्याचे त्यांचे 'बी मीटर' हे छोटे यंत्र त्या काळी छायाचित्रकारांच्या खिशात असे. ३० जून १९२१ रोजी ब्लॅकवर्डाइन या खेड्याजवळ नकाशा पाहत असताना जुन्या जागा एकामागोमाग एक सरळ ओळीत बसलेल्या त्यांना दिसल्या. तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी स्थानिक निसर्ग अभ्यासक मंडळापुढे व्याख्यान दिले, १९२२ मध्ये त्याची पुस्तिका काढली आणि १९२५ मध्ये 'द ओल्ड स्ट्रेट ट्रॅक' हा त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला.

वॉटकिन्स यांचे म्हणणे अगदी व्यवहारी होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांच्या मते या रेषा म्हणजे मीठ, गारगोटीची हत्यारे, मडकी वाहून नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटा होत्या. घनदाट रानातून जाताना वाट चुकू नये म्हणून एका उंचवट्यावरून पुढचा उंचवटा दिसेल अशा बेताने खुणा उभारल्या गेल्या आणि पुढे त्या खुणांनाच पावित्र्य आले, असा त्यांचा तर्क होता. त्यांच्या लेखनात ऊर्जा, कंपने, चुंबकीय प्रवाह यांपैकी काहीही नाही.

'ले' हा शब्द कुठून आला?

रेषांवरच्या अनेक गावांच्या नावांच्या शेवटी हा प्रत्यय येतो, असे वॉटकिन्स यांच्या लक्षात आले. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ रान तोडून मोकळी केलेली जमीन असा आहे. इंग्लंडमध्ये या प्रत्ययाची गावे इतकी आहेत, की ती कोणत्याही रेषेवर सापडतील. आपल्याकडे 'वाडी' किंवा 'गाव' या प्रत्ययावरून वाटा शोधायला निघावे, तसेच ते झाले.

मग 'पृथ्वीच्या ऊर्जेच्या वाहिन्या' हे प्रकरण कोठून आले?

ते पुढच्या पिढ्यांचे काम आहे. गूढवादी लेखिका डायॉन फॉर्च्यून यांनी १९३६ च्या एका कादंबरीत प्राचीन स्थळांना जोडणाऱ्या शक्तिरेषा आणल्या. १९६० च्या दशकात उडत्या तबकड्यांचे वेड शिगेला पोहोचले, तेव्हा त्या तबकड्या ले-रेषांच्या आधाराने मार्ग काढतात असे लिहिले जाऊ लागले. १९६९ मध्ये जॉन मिशेल यांचे 'द व्ह्यू ओव्हर अटलांटिस' आले आणि चिनी फेंगशुईतल्या 'ड्रॅगन'च्या वाहिन्या, सॉमरसेटमधले ग्लॅस्टनबरी गाव, पिरॅमिड आणि वॉटकिन्स यांच्या पायवाटा हे सारे एकाच माळेत ओवले गेले. आज ग्लॅस्टनबरीच्या बाजारात स्फटिक आणि उदबत्त्यांच्या शेजारी जी ले-रेषांची पत्रके विकली जातात, त्यांचा उगम या पुस्तकाकडे जातो. हेरफर्डच्या त्या वृद्ध गृहस्थांकडे नव्हे.

ही ऊर्जा यंत्रांनी मोजण्याचा प्रयत्नही झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'ड्रॅगन प्रोजेक्ट' या नावाने स्वयंसेवकांनी रोलराइट येथील दगडी वर्तुळाभोवती किरणोत्सर्ग आणि श्रवणातीत ध्वनी यांची मोजमापे घेतली. ठाम म्हणता येईल असे त्यातून काही निघाले नाही. या प्रयोगाचे प्रमुख पॉल डेव्हरू हे 'द ले हंटर' या नियतकालिकाचे संपादक होते. पुढे त्यांनी स्वतःच ऊर्जारेषांची कल्पना बाजूला ठेवली आणि प्रेतवाटांच्या, म्हणजे मृतांना दफनासाठी नेण्याच्या जुन्या वाटांच्या, अभ्यासाकडे वळले. श्रद्धेच्या क्षेत्रात असा प्रामाणिकपणा विरळा.

पुरातत्त्वज्ञांनी ही कल्पना का नाकारली?

सुरुवातीपासूनच नाकारली, आणि थोड्या तुसडेपणानेही. 'अँटिक्विटी' या नव्या पुरातत्त्व नियतकालिकाचे संपादक ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी वॉटकिन्स यांच्या पुस्तकाची पैसे देऊन येणारी जाहिरातसुद्धा छापायला नकार दिला. गंमत अशी, की ज्या सरकारी नकाशांवर वॉटकिन्स रेघा ओढत होते, ते काढणाऱ्या ऑर्डनन्स सर्व्हे या खात्याचे पुरातत्त्व अधिकारी हेच क्रॉफर्ड होते.

तुसडेपणा सोडला तरी मूळ आक्षेप शिल्लक राहतोच, आणि माझ्या मते तो गणिताच्या आक्षेपापेक्षाही मोठा आहे : या रेषांना काळाचे भान नाही. एकाच रेषेवर पाच हजार वर्षांपूर्वीचे थडगे, अडीच हजार वर्षांपूर्वीचा टेकडीकोट, बाराव्या शतकातले चर्च आणि अलीकडच्या जमीनदाराने लावलेले पाइनच्या झाडांचे टोळके यांना सारखेच गुण मिळतात. पुण्याहून निघालेल्या एका रेघेवर कार्ल्याचे लेणे, एखादा शिवकालीन गड आणि ब्रिटिशांनी बांधलेले रेल्वे स्टेशन आले, तर त्यावरून सातवाहनांच्या मनात काय होते हे सांगता येणार नाही.

पण पट्टी ठेवली की रेषा खरोखरच सापडतात. हा योगायोग कसा असेल?

सापडतात, आणि कोणालाही सापडतील. थोडा हिशेब करून पाहू. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशाच्या एका तावात ४० किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे १,६०० चौरस किलोमीटर प्रदेश येतो. त्यात 'प्राचीन' म्हणता येतील अशा २०० जागा आहेत असे धरू. दक्षिण इंग्लंडमध्ये चर्च धरली तर हा आकडा मुळीच जास्त नाही. दोन-दोन जागांच्या जोड्या होतात १९,९००. एक मिलिमीटर जाडीची पेन्सिलीची रेघ प्रत्यक्षात ५० मीटर रुंदीचा पट्टा असते आणि नकाशाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिच्याखाली सुमारे २ चौरस किलोमीटर, म्हणजे तावाचा आठशेवा भाग येतो. उरलेल्या १९८ जागा कशाही विखुरलेल्या असल्या, तरी सरासरीने दर चार रेघांमागे एक तिसरी जागा आपसूक हाती लागते. हाच हिशेब पुढे नेला, तर चार जागांच्या रेषा सत्तर-ऐंशी आणि पाच जागांच्या तीन-चार, एवढे पीक एका तावावर कोणीही काहीही आखलेले नसताना येते. मी पहिल्यांदा हे गणित मांडले तेव्हा चूक झाली असावी म्हणून पुन्हा केले होते.

हेच २०१० मध्ये मॅट पार्कर या गणितज्ञांनी अधिक खट्याळपणे दाखवले. नुकत्याच बंद पडलेल्या वूलवर्थ्स या दुकानसाखळीच्या ८०० शाखांच्या जागा घेऊन त्यांनी त्यांच्यातून काटेकोर त्रिकोण आणि लांबच लांब सरळ रेषा काढून दाखवल्या.

म्हणजे प्राचीन लोक सरळ रेषेत काहीच बांधत नव्हते?

असे मुळीच नाही, आणि येथे संशयवादीही कधी कधी घाई करतात. स्टोनहेंजच्या उत्तरेस 'कर्सस' नावाची समांतर खंदकांनी आखलेली सुमारे तीन किलोमीटर लांबीची पट्टी आहे. ती इसवी सनपूर्व ३५०० च्या आसपासची, म्हणजे स्टोनहेंजच्या मोठ्या दगडांपेक्षा हजारेक वर्षांनी जुनी आहे. अठराव्या शतकातले अभ्यासक विल्यम स्टुकली यांना ती रथांच्या शर्यतीची धावपट्टी वाटली आणि म्हणून हे लॅटिन नाव पडले. डॉर्सेटमधला कर्सस तर सुमारे दहा किलोमीटर लांब आहे. स्टोनहेंजचा अक्ष उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सूर्योदय आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा सूर्यास्त यांच्याशी जुळवलेला आहे, याबद्दलही आज वाद नाही. या रेषा जमिनीत खणलेल्या सापडतात. पट्टी काढून घेतली तरी त्या जागेवर राहतात.

वाटांचे म्हणाल तर त्या काळातल्या वाटा सरळ जाण्याचा हट्ट धरत नसत. 'रिजवे' ही पुरातन वाट खडूच्या डोंगरधारेने वळणे घेत जाते, कारण धारेवर पाय कोरडे राहतात. सॉमरसेटच्या दलदलीत १९७० मध्ये सापडलेला 'स्वीट ट्रॅक' हा लाकडी मार्ग अधिक बोलका आहे. चिखलात तिरप्या खुंट्या ठोकून, त्यांच्या बेचक्यात ओकच्या फळ्या एकापुढे एक ठेवून जवळजवळ दोन किलोमीटरची ही एकेरी वाट केली होती. झाडांच्या वर्तुळांवरून तिच्यासाठी केलेली लाकूडतोड इसवी सनपूर्व ३८०७ ते ३८०६ च्या सुमाराची ठरते, एवढ्या नेमकेपणाने. फळीशेजारी आल्प्स पर्वतातून आलेल्या हिरव्या दगडाची गुळगुळीत कुऱ्हाड मिळाली. वॉटकिन्स यांना त्यांच्या हयातीत ही वाट पाहायला मिळाली असती, तर त्यांनी पट्टी बाजूला ठेवून गुडघाभर चिखलात छायाचित्रे घेतली असती, असे मला नेहमी वाटते.

जुन्या दैवतांच्या जागांवर चर्च बांधली गेली, हे तरी खरे ना?

काही ठिकाणी खरे आहे. इसवी सन ६०१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या धर्मगुरूला पत्र पाठवले होते : मूर्ती मोडा, पण मंदिरे चांगली बांधलेली असतील तर पाडू नका, शुद्ध करून वापरा. यॉर्कशरमधल्या रडस्टन गावी चर्चच्या आवारात, ख्रिस्ती कबरींच्या मधोमध ब्रिटनमधला सर्वांत उंच, सुमारे ७.६ मीटरचा उभा दगड आहे. डॉर्सेटमध्ये नोल्टन येथे नवाश्मयुगीन खंदकाच्या वर्तुळात बाराव्या शतकातल्या चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. परंतु ही उदाहरणे वारंवार दिली जातात, ती मोजकी असल्यामुळेच. बहुतेक गावांत चर्च गावाच्या किंवा जमीनदाराच्या सोयीने बांधले गेले, आणि प्रत्येक चर्चखाली जुने देवस्थान असल्याचे गृहीत धरून रेषेचे गुण वाढवणे रास्त नाही.

स्टोनहेंज आणि सॉल्सबरीचे कॅथीड्रल यांना जोडणारी रेषा सर्वांत प्रसिद्ध आहे. तिचे काय?

स्टोनहेंज, ओल्ड सेरमचा कोट, सॉल्सबरी कॅथीड्रल, क्लिअरबरी रिंग आणि फ्रँकनबरी अशी ही सुमारे तीस किलोमीटरची रेषा आहे. तिच्या पहिल्या भागाकडे वॉटकिन्स यांच्याही आधी सर नॉर्मन लॉकयर यांनी लक्ष वेधले होते. हे नाव कोकणातल्या वाचकांना अनोळखी नसावे. सूर्यप्रकाशात हेलियमची खूण ओळखणारे हेच ते लॉकयर. जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी त्यांनी विजयदुर्गावर तळ ठोकला होता आणि दुर्बिणींसाठी बांधलेले 'साहेबाचे ओटे' तेथे आजही दाखवतात. हेलियमचा शोध विजयदुर्गावरच लागला असेही तेथे ऐकायला मिळते, पण तो शोध त्याआधी तीस वर्षांचा आणि त्या वेळी लॉकयर इंग्लंडमध्येच होते. लोककथा फक्त इंग्लंडमध्येच जन्मतात असे कोणी समजू नये.

पुन्हा सॉल्सबरीकडे. स्टोनहेंजचे मोठे दगड इसवी सनपूर्व २५०० च्या सुमाराचे आहेत, रेषेवरचे टेकडीकोट त्यानंतर दोन हजार वर्षांनी लोहयुगात उभे राहिले आणि कॅथीड्रलची पायाभरणी १२२० मध्ये झाली. ओल्ड सेरमच्या टेकडीवर वारा फार, पाणी कमी आणि शेजारच्या किल्ल्यातल्या शिपायांशी रोजची भांडणे, म्हणून धर्मगुरूंनी खाली नदीकाठी बिऱ्हाड हलवले. लोककथा सांगते, की बिशपने टेकडीवरून बाण सोडला, तो एका हरणाला लागला आणि ते हरीण धावत धावत जेथे पडले तेथे कॅथीड्रल बांधले. धर्मगुरूंना ले-रेषा ठाऊक होती असे मानायचे, तर हरणालाही ती ठाऊक होती असे मानावे लागेल.

सेंट मायकेलची रेषा म्हणजे कोणती?

कॉर्नवॉलच्या समुद्रातल्या सेंट मायकेल्स माउंटपासून ब्रेंटॉर, बरो मंप, ग्लॅस्टनबरी टॉर ही टेकडी, एव्हबरीचे दगडी वर्तुळ असे करत पूर्वेकडे बरी सेंट एडमंड्सच्या पुढे जाणारी. टेकड्यांवरची चर्च देवदूत मायकेलला वाहण्याची युरोपभर प्रथाच होती, त्यामुळे टेकड्या जोडल्या की मायकेल भेटतो यात नवल नाही. एव्हबरीचे चर्च मात्र मायकेलचे नसून सेंट जेम्सचे आहे. ही रेषा इतकी लांब आहे, की तिला रेषा म्हणण्यापेक्षा रुंद पट्टा म्हणणे अधिक खरे ठरेल. तथापि ग्लॅस्टनबरी टॉरवर पहाटे धुक्यातून वर आलेला एकटा मनोरा ज्याने पाहिला आहे, त्याला असे काही सुचले म्हणून मी त्याला हसणार नाही.

दगड मोजता येत नाहीत, असे का म्हणतात?

ही समजूत अनेक दगडी वर्तुळांबद्दल आहे. तिचे सर्वांत रसाळ रूप ऑक्सफर्डशर आणि वॉरिकशर यांच्या सीमेवरच्या रोलराइट येथे ऐकायला मिळते. दिग्विजयाला निघालेल्या एका राजाला तेथे चेटकीण भेटली. तिने सांगितले, सात ढांगा टाक, आणि त्यानंतर लाँग कॉम्प्टन गाव दिसले तर तू इंग्लंडचा राजा होशील. सातव्या ढांगेला समोरची जमीनच फुगून वर आली, गाव दिसले नाही, आणि राजा, त्याचे शिपाई व बाजूला कुजबुजत कट करणारे सरदार असे सगळे दगड झाले. चेटकीण स्वतः एल्डरचे झाड होऊन राहिली.

राजाचे शिपाई म्हणजे सुमारे ३३ मीटर व्यासाचे वर्तुळ. ते मोजण्यासाठी एका पाववाल्याने प्रत्येक दगडावर एकेक पाव ठेवला, पण दर वेळी एक पाव कमी पडे. कोणी म्हणे सैतान खातो, कोणी म्हणे पऱ्या. एका पावसाळी रविवारी आम्ही तिघांनी हा प्रयोग पावांविना केला. मला ७२ दगड मिळाले, पत्नीला ७५ आणि मुलीला, जिने प्रत्येक दगडाला हात लावत मोजले, ७४. कारण जवळ गेल्यावर कळते. हा चुनखडीचा दगड वाळवी लागलेल्या लाकडासारखा भोके पडून झिजला आहे, काही दगड गवताच्या वर जेमतेम वीतभर डोके काढतात, आणि काही ठिकाणी शेजारी-शेजारी उभे असलेले दोन तुकडे जमिनीखाली एकच आहेत की काय, हे सांगता येत नाही. साधारणपणे ७७ हा आकडा सांगितला जातो, आणि त्यातलेही बरेच दगड १८८२ मध्ये पुन्हा उभे केलेले आहेत.

कथेत राजा, शिपाई आणि सरदार एका क्षणात दगड होतात. प्रत्यक्षात कुजबुजणारे सरदार हे इसवी सनपूर्व ३८०० च्या सुमाराच्या थडग्याचे उरलेले दगड आहेत, वर्तुळ इसवी सनपूर्व २५०० च्या सुमाराचे आणि एकटा राजा इसवी सनपूर्व १५०० च्या आसपासचा. राजा दगड झाला तेव्हा सरदार दोन हजारांहून अधिक वर्षे कुजबुजत होते. मला स्वतःला कथेपेक्षा हे अधिक चित्तवेधक वाटते : पूर्वजांनी उभे केलेले काहीतरी टेकडीवर आहे, ते कोणी व का उभे केले हे विसरले गेले आहे, तरीही पुढच्या पिढ्या त्याच टेकडीवर येऊन आपली भर घालतात.

दगड झालेल्या माणसांच्या कथा इतक्या का आहेत?

कॉर्नवॉलमधल्या 'मेरी मेडन्स' या १९ दगडांच्या वर्तुळातल्या मुली रविवारी नाचल्या म्हणून दगड झाल्या, आणि जवळचे दोन उंच दगड म्हणजे त्यांचे वाजंत्री. सॉमरसेटमधल्या स्टँटन ड्रू येथे सगळी वरातच दगड झाली, कारण शनिवारची मध्यरात्र उलटून गेली तरी नाच थांबेना आणि वाजवायला सैतान येऊन बसला. रविवार पाळण्याचा हा आग्रह धर्मसुधारणेनंतरच्या कर्मठ काळाचा आहे. म्हणजे दगड चार-पाच हजार वर्षांचे, कथेचा हा साज मात्र बहुधा चारेकशे वर्षांचा. आपल्या सह्याद्रीतही 'नवरा-नवरी', 'भटोबा' अशा नावांचे सुळके आहेत. उभा, एकटा, माणसाच्या आकाराचा दगड दिसला की लग्नाची वरात आठवावी, एवढे साम्य दोन्हीकडे आहे. त्यापलीकडे संबंध जोडायचे कारण नाही.

टेकड्यांवरच्या पांढऱ्या आकृत्या किती जुन्या आहेत?

पातळ गवताखाली पांढरा खडू असलेल्या उतारांवर गवत खरवडून या काढलेल्या आहेत, आणि त्यांची वये एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. अफिंग्टनचा सुमारे ११० मीटर लांबीचा घोडा मातीच्या चाचणीनुसार इसवी सनपूर्व १३८० ते ५५० या दरम्यानचा आहे. दर काही वर्षांनी साफसफाई केली नाही, तर गवत त्याला गिळून टाकते. याचा अर्थ सुमारे तीन हजार वर्षे कोणी ना कोणी ते काम करत आले आहे. आजही स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून हातोडीने ताजा खडू ठोकतात. सर्न अबासचा राक्षस प्रागैतिहासिक असेल किंवा अगदी सतराव्या शतकातला असेल अशी दोन मते होती, पण २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनी दोन्ही खोटी पाडली : तो इसवी सन ७०० ते ११०० मधला निघाला.

विल्मिंग्टनचा 'लाँग मॅन' दोन्ही हातांत एकेक उंच काठी धरून उभा आहे. वॉटकिन्स यांनी त्याला प्राचीन भूमापक ठरवले होते, रेषा आखणारा, दोन काठ्यांतून नजर लावून पाहणारा. २००३ मधल्या उत्खननात तो सोळाव्या-सतराव्या शतकातला असावा असे दिसून आले. ज्याला सर्व रेषांचा जनक मानले, तोच सर्वांत तरुण निघाला.

प्रेतवाटा म्हणजे काय, आणि त्यांचा ले-रेषांशी संबंध आहे का?

मध्ययुगात दफनाचा हक्क फक्त मुख्य चर्चला असे, आणि डोंगराळ भागातल्या वस्त्यांना आपले मृत मैलोगणती वाहून न्यावे लागत. लेक डिस्ट्रिक्टमधल्या मार्डेलहून शॅपकडे जाणाऱ्या अशा वाटेने शेवटचे प्रेत १७३६ मध्ये गेले. मार्डेल गाव पुढे धरणाच्या पाण्याखाली गेले. रायडल आणि ग्रासमियर यांच्यामध्ये वाटेच्या कडेला एक सपाट दगड आहे, ज्यावर शवपेटी टेकवून खांदेकरी दम घेत. आपल्याकडे 'विसावा' म्हणतात तोच हा प्रकार, आणि मराठी माणसाला त्या दगडाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मृताचे पाय घराच्या विरुद्ध दिशेला ठेवून त्याला न्यावे, म्हणजे तो परत येत नाही, ही समजूतही ओळखीची वाटेल.

वॉस्डेलहून एस्कडेलकडे जाणाऱ्या वाटेवर शवपेटी पाठीवर घेतलेला एक घोडा धुक्यात उधळला, अशी कथा आहे. आत होता एक तरुण मुलगा. त्या दुःखाने त्याची आई गेली, आणि तिची पेटी नेणारा घोडाही त्याच जागी उधळला. शोध घेताना मुलाचा घोडा पेटीसह सापडला. आईचा कधीच नाही. प्रेतवाटा काही ठिकाणी सरळ, पुष्कळ ठिकाणी वळणाच्या आहेत. त्या नकाशावरच्या पट्टीने नव्हे, तर खांदा दुखेल त्या बेताने ठरलेल्या आहेत.

तारांच्या काड्या घेऊन ले-रेषा शोधणारे लोक काय करतात?

काटकोनात वाकवलेल्या दोन तारा हातांत सैल धरून ते चालतात, आणि तारा एकमेकींवर आल्या की रेषा ओलांडली असे मानतात. विहिरीची जागा सांगणारा आपला पाणाड्या पाहिलेल्यांना हे दृश्य नवे नाही. धरणाऱ्याच्या मनगटाची नकळत होणारी हालचाल हेच याचे स्पष्टीकरण आहे, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून घेतलेल्या चाचण्यांत या कौशल्याचा टिकाव लागत नाही.

केदारनाथ ते रामेश्वर शिवमंदिरे एका रेखांशावर आहेत, हा संदेश ले-रेषेसारखाच आहे का?

अगदी तसाच. केदारनाथ, कालेश्वर, श्रीकालहस्ती, कांचीपुरम, तिरुवण्णामलै, चिदंबरम आणि रामेश्वर ही सारी ७९ अंश रेखांशावर आहेत असे सांगितले जाते. अपूर्णांक पाहिले तर केदारनाथ ७९.०७ वर आणि आपल्या सिरोंच्याच्या पलीकडच्या काठावरचे कालेश्वर ७९.९ वर आहे. म्हणजे 'एका रेषे'ची रुंदी ८० किलोमीटरांहून अधिक होते. एवढ्या रुंद पट्ट्यात न बसणारी शेकडो शिवमंदिरे या संदेशात मोजलेली नाहीत.

महाराष्ट्रात अशी दगडी वर्तुळे आहेत का?

आहेत, आणि स्टोनहेंज पाहून आलेल्यांपैकी फार थोड्यांनी ती पाहिलेली असतात. नागपूरजवळ जुनापाणी येथे सुमारे ३०० वर्तुळे आहेत. माहुरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा हीही विदर्भातलीच नावे. ही लोहयुगीन दफनस्थळे आहेत, म्हणजे इंग्लंडमधल्या वर्तुळांपेक्षा हजार-दीड हजार वर्षांनी किंवा त्याहूनही नंतरची, आणि त्यांत लोखंडी हत्यारांबरोबर घोड्यांचे अवशेष मिळालेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांचे ब्रिटनमधल्या खळग्यांशी असलेले साम्य पाहून तो चकित झाला होता. साम्य आहे, पण गोल मांडणे आणि दगडाला खळगा पाडणे या दोन्ही गोष्टी माणसाला कोठेही सुचू शकतात.

या जागा पाहायला जाताना काय लक्षात ठेवावे?

स्टोनहेंजला तिकीट आहे आणि एरवी वर्तुळाच्या आत जाता येत नाही. मोठ्या आणि लहान दिवसाच्या पहाटे मात्र ते सर्वांसाठी उघडतात आणि त्या वेळी गर्दी फार असते. एव्हबरी येथे दगडांपर्यंत थेट जाता येते, फक्त मेंढ्यांच्या लेंड्यांकडे लक्ष ठेवावे. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र वापरणे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. शेतातून जाणारी पायवाट नकाशावर सार्वजनिक म्हणून दाखवलेली असेल तरच वापरावी आणि फाटक जसे मिळाले तसेच, उघडे असेल तर उघडे आणि लावलेले असेल तर लावून ठेवावे.

वेलंड्स स्मिदी या थडग्यापाशी घोडा आणि नाणे ठेवून गेले की अदृश्य लोहार नाल ठोकून ठेवतो, अशी जुनी कथा आहे. त्यामुळे आजही लोक दगडांच्या फटींत नाणी खुपसतात. फटी रुंदावतात, दगडांचे नुकसान होते आणि देखभाल करणाऱ्यांना ती एकेक करून काढावी लागतात. आपल्या लोकांना नवसाचे नाणे टाकण्याची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो : तेथे टाकू नये. घोडा बरोबर नसेल तर नाल ठोकून मिळण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.